तळपायाखालचा आरसा

दिनकरच्या अंत्ययात्रेला मी नवे बूट घालून गेलो. मधुमेह असलेल्या माणसाने नवा बूट आधी घरातच, मोजे घालून, थोडा वेळ वापरायचा आणि लगेच काढून पाय बघायचा, हे ज्याने वर्षानुवर्षं माझ्या डोक्यात ठोकलं, त्याच्याच अंत्ययात्रेला. जुने बूट टाच बसवायला मोच्याकडे पडले होते. सकाळी नलिनीवहिनींचा फोन आला. "भावजी, हे उठत नाहीयेत," एवढंच म्हणाल्या. गुरुग्रामच्या लेकीने दिवाळीला आणलेली काळी चकचकीत जोडी तोवर खोक्यातच होती. ती पायात कोंबली आणि निघालो. समोरच्याच ब्लॉकमध्ये तर जायचं होतं, चपलेवर जाता आलं असतं. पण मी चपलेवर आलेलो दिनकरला खपत नसे. आमच्यासारख्यांच्या पायाची ती वैरीण आहे, असं तो म्हणे. त्याला राग येऊ नये म्हणून बूट घातले... आणि तो आता रागावणार नाही, हे जिना चढताना लक्षात आलं.

दिनकर आणि मी देशाच्या राजधानीत, केंद्राच्या एका मंत्रालयात एकाच सेक्शनमध्ये लागलो. सरकारी क्वार्टर वर-खाली, रिटायर झाल्यावर द्वारकेच्या सोसायटीत समोरासमोर. साखरही पाठोपाठच लागली. आधी त्याला, मग मला. सीनियॉरिटी त्याचीच. फरक एवढाच की त्याने मधुमेह फाइलसारखा हाताळला आणि मी अफवेसारखा. माझी बायको होती तोवर माझं खाणंपिणं तिच्या ताब्यात होतं. ती गेल्यावर दिनकरने न विचारता चार्ज घेतला. फ्रिज उघडून बघायचा, डबे हुंगायचा. "यार, तू इन्स्पेक्टर आहेस की मित्र?" असं मी चिडून विचारलं, की म्हणायचा, "मित्र असतो तर केव्हाच सोडून दिलं असतं तुला." माझे तळपाय हळूहळू बधिर होत चालले होते, हे आधी त्याच्याच लक्षात आलं. एकदा त्याच्या घरात टाचणीवर पाय देऊन मी आरामात गप्पा मारत उभा होतो. टाचणी त्याने काढली, मी गप्पा चालू ठेवल्या.

संक्रांतीला आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला जाते. त्या वर्षी बसमध्ये मी बूट काढून सीटखाली ठेवले होते. तिळगुळाचे लाडू वाटणं चाललं होतं. "अर्धा," दिनकर शेजारून म्हणाला, "फक्त अर्धा." मी बिल्कुल म्हटलं आणि दोन घेतले. पहिला तोंडात गेला, तेवढ्यात त्याने मान वळवली, आणि दुसरा हातातून सुटला. गेला कुठेतरी घरंगळत, म्हणून मी सोडून दिला. मग पानिपत आलं, बूट घातले, उतरलो, स्मारकाभोवती हिंडलो, भाषणं ऐकली. "प्रभ्या, लंगडतोयस का?" दिनकरने विचारलं. "छे! पूर्वजांच्या आठवणीने पाय जड झालेत." त्याने मला हाताला धरून पायरीवर बसवलं, स्वतः गुडघ्यावर बसला आणि माझा बूट ओढून काढला. आत तिळगुळाची पार वडी झाली होती, आणि माझ्या अंगठ्याखाली बोराएवढा टपोरा फोड आला होता. मला काही म्हणता काही जाणवलं नव्हतं. मंडळातल्या एका नव्या सूनबाईंनी दुरून पाहिलं की एक पांढऱ्या केसांचा माणूस दुसऱ्याच्या पायाशी बसलाय. मी कुणीतरी मोठा असणार असं समजून त्या आल्या आणि वाकून नमस्कार करून गेल्या. मीही 'अखंड सौभाग्यवती भव' देऊन टाकलं. "त्या फोडाला दे आशीर्वाद," दिनकर खालून पुटपुटला.

त्याच्या पिशवीत स्वच्छ गॉजची पट्टी होती. ती हलकेच बांधत त्याने बजावलं, "याला हात लावायचा नाही. वरची कातडी हेच याचं झाकण. सकाळी डॉक्टर." मी मान हलवली. आणि घरी जाऊन फोडला! गॅसवर सुई लाल करून घेतली होती, म्हणजे सगळं कसं शास्त्रशुद्ध. वर चिमूटभर हळदही दाबून भरली. सकाळी दिनकरने पट्टी सोडली. मग खिशातलं बॉलपेन काढून, फोडाभोवती जिथवर लाल झालं होतं तिथे कडेकडेने रेघ ओढली. "ही बॉर्डर. लाली हिच्या बाहेर गेली की प्रकरण वर जाणार."

"वर म्हणजे सेक्रेटरीकडे?"

"वर म्हणजे गुडघ्याकडे."

त्यानंतर मी विनोद केला नाही, निदान टॅक्सीत बसेपर्यंत तरी. डॉक्टरने हळद धुता धुता विचारलं, "अंकलजी, सब्ज़ी बना रहे थे क्या?" आणि दिनकर, जो क्वचितच हसे, खुर्चीला धरून हसला. तो फोड भरायला होळी उलटून गेली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी चहा झाला की त्याच्या बाल्कनीत आमची तपासणी चाले. कोमट पाण्याने पाय धुवायचे; पाणी किती गरम ते आधी कोपराने बघायचं, कारण पायांवर आता भरवसा नाही. बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या. बुटात हात घालून खडा, शिवण, काही टोचतंय का ते चाचपायचं. मग तळवे. पूर्वी तो दाढीचा पत्र्याच्या स्टँडचा आरसा जमिनीवर ठेवून त्यात स्वतःचे तळवे बघे. मोतीबिंदू झाल्यावर दिसेना. माझं पोट मध्ये येई म्हणून मला वाकता येईना. आरसा मलाही देऊन पाहिला त्याने, पण मी त्यात मिश्या बघत बसलो म्हणून जप्त केला. शेवटी तो भिंग घेऊन माझे पाय बघायचा, मी त्याचे. माझा पाय मांडीवर घेऊन खालून वर, बोटाबोटातून फिरून झालं की, पाहिलेल्या फाइलवर साहेब इंग्रजीत शेरा मारतात तसा म्हणायचा, "सीन." मग मी त्याचा पाय घ्यायचो. वरच्या मजल्यावरच्या पंजाबी बाई वाकून विचारत, "भाईसाहब, आप दोनों में मरीज़ कौन है?" दिनकर माझ्याकडे बोट दाखवी, मी त्याच्याकडे.

त्या सकाळी त्याला हॉलमध्ये ठेवलं होतं. पायाचे अंगठे दोरीने बांधलेले. लोक डोक्याशी जाऊन फूल वाहत होते. मी सवयीने पायांशी गेलो. कसाबसा खाली बसलो आणि दोन्ही तळवे पाहिले. लाली नाही, भेग नाही, बेचक्या कोरड्या... एवढे जपलेले पाय, आणि दगा दिला तो हृदयाने. मागे कुणीतरी हळूच म्हणालं की बघा, मित्राचे पाय धरलेत. मी धरले नव्हते. मी तपासत होतो. "सीन" मात्र म्हणायचं राहिलं.

पुढे घाटावर उभं राहणं, परतणं, आल्यागेल्यांना सांगणं. बूट संध्याकाळी उतरवले. काही दुखत नव्हतं, म्हणून पाहिलं नाही. नंतरही पाहिलं नाही. पाय बघायचा म्हणजे दिनकरकडे जायचं, हेच मला ठाऊक. आणि खरं सांगायचं तर एक प्रकारचा थकवा आला होता. इतकी वर्षं पथ्यं पाळायची, पाळायची, आणि पाळणारा आधी जातो... मग मी कशाला वाकू? साखर मोजली नाही. दोनदा जिलबी आणून खाल्ली. मजा आली म्हणावं, तर तीही नाही.

तेराव्यानंतर वहिनींकडे गेलो, दारात बूट काढले. वहिनींनी शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं. नजर अजून वर्गावर असल्यासारखी.

"भावजी, मोज्याला काय लागलंय?"

"पाणी असेल."

"पिवळं पाणी?"

मला दिनकरच्या खुर्चीत बसवून त्यांनी मोजा सोडवला. करंगळीशी फुटलेला फोड, आजूबाजूला लाल, कातडीला ऊब. वहिनी उठल्या. आत जाऊन दिनकरचं बॉलपेन आणलं आणि लालीच्या कडेने रेघ ओढली. बॉर्डर जरा वाकडी आली. कॅबमध्ये मी म्हटलं, "वहिनी, मरू दे ना एक करंगळी. तसाही तिचा उपयोग काय?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माझ्याच्याने या महिन्यात आणखी काही जाळायला देववणार नाही." डॉक्टरांनी जखम साफ करून पट्टी केली आणि सांगितलं, थोड़ा और रुक जाते तो उंगली बचाना मुश्किल था.

करंगळी वाचली. लाली रेघेच्या आतच थांबली, मग हळूहळू मागे हटली. औषधं चालू आहेत, चालणं बंद, आणि हे मी पाय उशीवर ठेवून लिहितो आहे. लेकीने ते बूट कुणाला तरी देऊन टाकले. वहिनी रोज येऊन पट्टी बघत. काल येताना त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून दिनकरचा तो दाढीचा आरसा आणला. पत्र्याचा स्टँड एका बाजूला कललेला, काचेच्या कडेला साबणाचा वाळका पांढरा थेंब, बहुधा शेवटच्या दाढीचा. तो मी पुसला नाही. "मी जन्मभर येणार नाही," वहिनी म्हणाल्या. "उद्यापासून तुमचे तुम्ही बघायचे." मी आरसा जमिनीवर ठेवला, खुर्चीच्या कडेला सरकलो आणि वाकून पाहिलं. कोन चुकला. तळव्याऐवजी समोर मीच आलो, खालून दिसणारी हनुवटी, पांढरे खुंट, सुजलेले डोळे. मला वाटतं, मी जरा जास्तच वेळ बघत राहिलो असेन...

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "आरसा पायासाठी दिलाय. तोंडाचं आता काही करता यायचं नाही."