स्वखुशीने

न्यूफाउंडलंडच्या त्या किनाऱ्यावर, खेकड्यांच्या कारखान्यात, फिलोमेना टोबिनने एकोणीस हंगाम काढले. उकळत्या खेकड्यांची वाफ छातीत बसत गेली आणि शेवटी तर देवाने दिलेला श्वासही चाळणीतून ओढावा लागू लागला. डॉक्टर म्हणाले, वाफेपासून लांब राहा. तिने मुकादम गसकडे थंड खोलीतलं खोकी भरायचं काम तीनदा मागितलं. तिसऱ्या वेळी, मे महिन्यात, तो कामाच्या अख्ख्या रांगेसमोर म्हणाला, "हवा पाहिजे होय, फिलो? बाहेर फुकट मिळते. जा की!"

रांग हसली. फिलोने एप्रन काढला, त्याच्या पायाशी टाकला आणि बाहेर पडली.

कारखान्याने कागदावर लिहिलं, 'स्वखुशीने नोकरी सोडली.' झालं, बेकारभत्ता नामंजूर.

"खुशी?" स्वयंपाकघरात ती एकटीच ओरडली. "खोकून खोकून बरगड्या दुखतात, आणि म्हणे खुशी!"

तिने फेरविचाराचा अर्ज केला. भत्त्याच्या कचेरीतली बाई फोनवर म्हणाली, "डॉक्टरांचं पत्र मिळालं. पण सोडण्याआधी दुसरं काम मागितलंत, हे कोण सांगेल?"

चाळीस जणींनी ऐकलं होतं. परमेश्वरानेही ऐकलं होतं, पण त्याची सही अर्जावर चालत नाही. रविवारी मिस्सेची प्रार्थना सुटल्यावर तिने कारखान्याच्या रांगेत शेजारी उभ्या राहणाऱ्या नणंदेला, ब्राइडला, चर्चच्या दारातच गाठलं.

"मी बोलले तर गस मला उद्याच घरी बसवेल गं," ब्राइड पुटपुटली. "माझे अजून दोनशे तास भरायचेत. नाही भरले तर हिवाळ्यात मलाही भत्ता नाही."

"आत्ता आत 'शांती असो' म्हणून हात दिलास ना मला? त्यात काय नुसता हातमोजा होता?"

ब्राइडने मान खाली घातली. फिलोच्या अंगाचा तिळपापड झाला. पण नाव देऊन तिचाही हिवाळा बुडवायचा, हे काही तिच्याच्याने होईना.

सोमवारी तिने फोन लावला. "साक्षीदाराचं नाव देणार नाही. तुम्ही गसलाच विचारा. स्वतःच्या विनोदावर भारी जीव त्याचा. गावातल्या घराघरांत सांगून झालाय."

गुरुवारी त्या बाईचा फोन आला. "सांगितलं त्यांनी. तुम्ही काय मागितलंत, त्यांनी काय उत्तर दिलं, सगळं. दोनदा सांगितलं. आणि हसले." मग ती म्हणाली, "तुमचं कारण सबळ ठरलंय, मिसेस टोबिन. अभिनंदन."

"अभिनंदन कसलं?" फिलो म्हणाली. "ते मे महिन्यातही सबळच होतं."

चुकून लागलेल्या फोनवरही पोराबाळांची चौकशी केल्याशिवाय कोणी फोन ठेवत नाही, अशा त्या गावात तिने आभारही न मानता फोन आदळला.