सुपडूची पकड

कापूस वेचून झाला की घरामागे पऱ्हाट्यांचा, म्हणजे वाळल्या झाडांचा, ढीग पडतो. कोणी रचत नाही, तरी वाढतो. आमच्या तरुण मंडळाच्या किश्श्यांचं तसंच. अमळनेरजवळच्या आमच्या गावात मी पोरांना कबड्डी शिकवायचो. माझी शाळा दुसरीपर्यंत, पण शिव्या मॅट्रिकच्या.

सुपडू जन्मापासून आंधळा. वीस वर्षांचा गडी, कापसाचं गाठोडं एका हाताने उचलायचा. मैदानात आला तर आमचा कॅप्टन मधू म्हणाला, "तू बाहेर बस. टाळ्या वाजव."

सुपडू म्हणाला, "टाळ्या तू वाजाड. मी पाय धरसू."

*

त्याची आई राधाअक्का माझ्याशी भांडायला आली. "आबा, पोऱ्याना हातपाय मोडनात तं?"

"दिसणाऱ्यांचेही मोडतात, अक्का. त्यांच्या आया येतात का?"

अक्काने पदर खोचला. मग म्हणाली, "मंग धाकलालेबी घ्या. घरमा भलता तरास देस."

*

मैदानाच्या उद्घाटनाला एक पुढारी आणला होता. भाषण संपेना. "कबड्डी म्हणजे शिस्त. कबड्डी म्हणजे संस्कार. कबड्डी म्हणजे..."

पुढे सतरंजीवर बसलेल्या सुपडूने सरळ त्याचा घोटा धरला. पुढारी आडवा! मी ओरडलो, तर हा शांतपणे म्हणतो, "आबा, एवढा दम! माले वाटनं चढाई शे."

भाषण तिथेच संपलं. पोरांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

*

मग अमळनेरच्या संघाशी सामना. मंडळात ठरलं होतं, सुपडूमुळे हरलो तर तो संघातून कायमचा बाहेर. अर्धा वेळ तर मधूने त्याला बसवूनच ठेवला. शेवटी आमच्यातल्या एकाचा पाय मुरगळला, तेव्हा नाइलाजाने उतरवला. उतरल्या उतरल्या त्याने दोन गडी लोळवले.

शेवटची चढाई. गुण बरोबरीत. त्यांचा मिशीवाला गडी फार शहाणा. सुपडू आवाजावर पकडतो, हे त्याने ताडलं. रेषा ओलांडली आणि चवड्यांवर आला. आधी कबड्डी कबड्डी तोंडातल्या तोंडात पुटपुटला. मग तेही थांबवलं. मांजर दुधाकडे जातं तसा सुपडूकडे सरकला.

पंचाने शिट्टी मारली. "दम ऐकू येत नाही. गडी बाद."

सामना आमचा! मधूसकट सगळी पोरं नाचायला लागली. सुपडू तसाच वाकून, हात पसरून उभा. हळूच म्हणाला, "आबा, बाद कोन व्हयना? त्यासना गडी तं अजून उनाच नही."