एक आधी की नव्व्याण्णव

गारखेड्यातल्या एका रक्तपेढीचे संगणक मी सांभाळते. त्या दुपारी फोन आला तेव्हा मी जेवत होते. हात धुऊन तशीच निघाले.

सकाळी सॉफ्टवेअरवाल्या माणसाने तिथल्या लिनक्स मशीनला बाहेरची एक रिपॉझिटरी, म्हणजे सॉफ्टवेअर जिथून उतरतं ते कोठार, जोडून अपडेट चालवलं होतं. त्याला अहवालाचा एक नवा प्रोग्राम हवा होता. त्या कोठाराने डेटाबेसही नवा आणून बसवला, आणि तो जुन्या नोंदी उघडेना. त्यातच एका बाळंतिणीच्या रक्ताची जुळणी होती. नोंद दिसल्याशिवाय पिशवी बाहेर जात नाही, आणि जुळणी पुन्हा करायला तास लागतो. तिला कन्नड गावाहून जीपने इथल्या दवाखान्यात आणणारा नवरा खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून उभा होता.

"मॅडम, लई रक्त चाललंय तिचं," तो म्हणाला. मी कीबोर्डपुढे बसले.

जुना डेटाबेस आमच्या मूळ कोठारात होताच. तो परत बसवायला मशीनला सांगितलं. त्याने काय कुठून येणार याची यादी दाखवून विचारलं, हो की नाही. न वाचता हो दाबणाऱ्यांचा मला मनस्वी संताप येतो, आणि माझंच बोट हो वर गेलं होतं. कसंबसं थांबवून यादी वाचली. डेटाबेस पुन्हा बाहेरूनच येत होता.

"नाही," मी मोठ्याने म्हणाले आणि तेच दाबलं.

"नाय? नाय का वो मॅडम?" काचेपलीकडून तो ओरडला. मी वर पाहिलं नाही.

सेटिंगची फाइल उघडली. आधी कोणत्या कोठाराचं ऐकायचं ते तिथे आकड्याने ठरतं. दवाखान्यातल्या टोकनसारखं, लहान आकडा आधी. त्या शहाण्याने आमच्या कोठाराला नव्व्याण्णव दिले होते आणि बाहेरच्याला एक. जास्त मार्क म्हणजे पहिला नंबर, असं समजला असणार. मी चरफडत आकडे उलटे केले. यादी पुन्हा मागवली, ओळ न् ओळ वाचली. जुना डेटाबेस, आमचं कोठार. मग हो दाबलं.

नोंद उघडली. रक्तपेढीतल्या ताईंनी लेबल चिकटवून पिशवी दिली, आणि तो पळाला.

संध्याकाळी निघताना तो जिन्यात भेटला. "थांबलं रक्त. बोलती हाय आता," तो म्हणाला. मग जरा घुटमळला. "तुम्ही नाय म्हनल्या ना, तव्हा लई राग आलता तुमचा."

"मलाही माझाच आला होता," मी म्हणाले, आणि तिथंच पायरीवर बसले.