मुकादमाचा कोबा

आमच्या दादांनी पस्तीस वर्षं रस्ते केले. आधी मैलमजूर, मग मुकादम. नगर-सोलापूर रस्त्यावर मांदळीपासून माहीजळगावपर्यंत कुठंही खड्डा पडला की मिरजगावात घरी बसल्या जागी त्यांना ठसका लागायचा. रिटायर होऊन वर्ष उलटलं तरी सकाळी उठून सडकेवर एक फेरी मारून यायचे आणि चहा पिताना नव्या मुकादमाच्या नावानं बोटं मोडायचे.

पंचाण्णव सालच्या डिसेंबरात त्यांनी माझ्या भोसरीच्या कंपनीत फोन केला. गेटवरच्या वॉचमननं मला बोलावून आणलं. पलीकडून दादा म्हणाले, "पंकज, आठ दिसांची रजा काढून ये. कामाचे कपडे आन." पुढं काही विचारायच्या आत फोन ठेवला. एसटीडीवर मिनिटं पळतात म्हणून दादा तारेच्या भाषेत बोलत.

घरी आल्यावर प्रकार कळला. माझी बहीण यशोधरा संगमनेरला दिलेली. तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आई जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात दादा एकटे, हातानं भाकरी थापून खाणारे. म्हणून यशूच्या सासूबाईंनी, भिमाबाईंनी, निरोप धाडला होता की बाळंतपण इकडंच करू. दादांनी तीन पोस्टकार्डं पाठवली. तिसऱ्याला उत्तर आलं, 'रविवारी येते. घर बघते. मग सांगते.'

'घर बघते' हे दोन शब्द दादांनी धरून ठेवले. आयुष्यभर त्यांना बघायला येणारी माणसं दोनच प्रकारची ठाऊक होती, एक डेप्युटी इंजिनियर आणि दुसरा त्याच्या वरचा. साहेब यायचा म्हटलं की काय करायचं असतं हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. काम उरकायचं, कडा सरळ करायच्या, चुना मारायचा आणि टोपी काढून उभं राहायचं.

"ओलसर जमिनीवर माझी पोरगी बाळ घिऊन बसायची न्हाई," ते म्हणाले. "कोबा करायचा."

आमचं घर तीन खणांचं, दगडमातीचं, वर पत्रे, खाली सारवलेली जमीन. सिमेंटचा कोबा करायचा तर गवंडी हवा. गावातला गवंडी गोरक्षनाथ दिवाळीनंतर कोयता घेऊन उसाच्या तोडीवर गेलेला, तो चैत्राशिवाय यायचा नव्हता.

"मग कोण करणार?" मी विचारलं.

"पस्तीस वर्सं मी काय केलं?"

"रस्ते केलेत, दादा."

"मंग? ती बी जमीनच हाय की."

या उत्तराला मी तिथल्या तिथं हरकत घ्यायला हवी होती. घेतली नाही, आणि त्याची फळं भोगली.

सोमवार-मंगळवार आम्ही घर उकरलं. मुरूम आणला, पसरला, पाणी मारून धुमसानं ठोकला. धुमस म्हणजे लाकडी दांड्याचं लोखंडी वजन. ते पहिली दहा मिनिटं माणूस उचलतो, नंतर ते माणसाला उचलतं. माझ्या हातांना फोड आले. शेजारचे रंगनाथमामा दादांच्याच बांधकाम खात्यात रोडरोलर चालवायचे. ते ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "सहादू, रोलर आनू का? दार तेवढं काढावं लागंल." दादांनी खरंच दाराकडं पाहून अंदाज घेतला. आमचं नशीब, की त्यांचा रोलर खात्यानं आधीच काढून घेतला होता.

बुधवारी कोबा पडला. दादा दोन्ही गुडघे टेकून थापीनं घोटत होते आणि तोंडानं कौतुक करत होते, माझं नाही, कोब्याचं. दाराशी दोन दगड मांडून त्यांनी वर लाल फडकं लावलं होतं. काम चालू, रस्ता बंद.

तेवढ्यात राशीनहून आक्काबाई आत्या आली. दादांची थोरली बहीण. राशीनमधल्या निम्म्या बाळंतिणी तिच्या हातचं पाणी घेऊन उठलेल्या. डोक्यावर गाठोडं, त्यात डिंक, खोबरं, आळीव आणि जुन्या धोतरांची मऊ दुपटी. ती नेहमीसारखी मागच्या दारानं आली. मागच्या दाराला फडकं नव्हतं. दोन पावलं आत आली आणि ओल्या कोब्यावर दोन पावलं उठली.

"आक्के! काम चालू हाय, दिसत न्हाई का?"

"मी भावाच्या घरात आले, सहादू. सडकंवर न्हाई आले."

"पर हितं आत्ता तुझं काय काम हुतं?"

आत्यानं पाय पुसले, गाठोडं ओट्यावर ठेवलं आणि आल्या पावली स्टँडवर गेली. मी मागं धावलो. ती एसटीत चढता चढता म्हणाली, "बाळातपन करायला आल्ते, पंकज. सव्वा म्हैना राहायच्या तयारीनं. तुझ्या बापाला म्हनावं, सिमिटाकडून करून घे."

मी परत येऊन तसंच्या तसं सांगितलं. दादा तिची पावलं थापीनं बुजवत होते.  वर न बघताच म्हणाले, "वाळंस्तवर कुनाला सोडू नको आत." चूक कळल्यावर दादा नेहमी कामाच्या सूचना देत.

गुरुवारी पाणी मारणं, न्हाणीला नवा दगड आणि अंगणातल्या लिंबाला पट्टे. खाली गेरू, वर चुना, वर पुन्हा गेरू, सडकेच्या झाडाला असतात तसेच. चुना उरला म्हणून तुळईखालच्या दोन खांबांनाही मारला. आता स्वयंपाकघरात जाताना माणसाला वाटायचं, पुढं वळण आहे.

शुक्रवारी कोबा वाळला. आरशासारखा झाला होता, खोटं कशाला बोलू. मी सामान आत आणायला लागलो. पितळी तांब्या मध्यावर आडवा ठेवला तर तो गडगडत जाऊन भिंतीला टेकला. उचलून पलीकडच्या अंगाला ठेवला तर पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकला. मी खाली वाकून, एक डोळा मिटून पाहिलं. आमच्या घराची जमीन मधोमध दोन इंच उंच होती आणि दोन्ही बाजूंना सुबक उतरत गेली होती.

"दादा, हे काय केलंत?"

"क्यांबर," दादा म्हणाले. सडकेला मधोमध देतात तो फुगवटा. आवाजात जरा अभिमान, जरा शंका. "त्याबिगर पानी थांबतं."

"घरात कुठलं पाणी?"

दादांनी आपल्या हातांकडं पाहिलं. पस्तीस वर्षांच्या हाताला कुणी विचारलंच नव्हतं, हात आपला चालत राहिला होता. कोबा फोडायला आता वेळ नव्हता. शनिवारी दादांनी बाज आणली, भिंतीलगत टाकली आणि मला म्हणाले, "आडवा हो."

"मी?"

"बाळातीन न्हाई हितं दुसरी. हो आडवा."

मी झालो. कुशीला त्यांनी बाळ म्हणून दुधी भोपळा ठेवला. मी आणि भोपळा, दोघंही हळूहळू भिंतीकडं सरकलो. दादांनी दोन पायांखाली विटा घातल्या, पुन्हा पाहिलं. मग मी दाराकडं सरकलो. एक वीट काढून चपटा दगड घातला तेव्हा बाळ-बाळंतीण स्थिर झाले. रंगनाथमामा खिडकीतून हे सगळं बघत होते, त्यामुळं संध्याकाळपर्यंत गावात माझं बारसं झालं होतं.

रविवारी अकराच्या गाडीनं यशू, तिचा नवरा सम्राट आणि भिमाबाई आले. भिमाबाई उंच, शिडशिडीत, कमी बोलणाऱ्या. दूध संघाला दूध घालून मुलं शिकवलेली बाई. "जयभीम" झाला, पाणी झालं. यशूनं लिंबाकडं पाहिलं, खांबांकडं पाहिलं, आणि तोंडाला पदर लावून हसू दाबलं. दादांनी टोपी काढून हातात धरली आणि पाहणी सुरू केली.

"ही न्हानी, इहीनबाई. दगुड नवा. पाय घसरत न्हाई. ही चूल येगळी, बाळातिनीच्या पान्याची. दवाखाना हितून चारशे धा फूट, टेप लावून मोजलंय. डाक्टरीनबाई रात्रीची बी उठती, इचारून आलो."

भिमाबाई मान हलवत होत्या. मग खोलीत मधोमध बसल्या, पिशवीतून सुपारी काढली आणि अडकित्ता हुडकायला सुपारी खाली ठेवली. सुपारी निघाली. सगळ्यांनी तिला भिंतीपर्यंत जाताना पाहिलं. सम्राट उठून आणायला गेला.

"इवाई," भिमाबाई म्हणाल्या, "जमीन अशी का?"

"पानी थांबू ने म्हनून."

"पत्रं गळत्यात?"

"न्हाई."

"बरं," त्या म्हणाल्या. एवढंच. सुपारी कातरून झाली, तोंडात गेली. मग त्यांनी सगळ्या खोलीवरून नजर फिरवली आणि विचारलं, "सारं केलंया तुमी. पर पोरीच्या अंगावर पानी कोन वतनार? बाळाला पायावर कोन घेनार?"

हा प्रश्न येणार हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. दादांनी मुरूम, सिमेंट, चुना, गेरू, टेप, सगळं त्याच्या वाटेत आडवं रचलं होतं, आणि तो आला. दादांचा चेहरा आई गेली त्या दिवशी जसा झाला होता तसा झाला. मला फार वाईट वाटलं. आठवडाभर त्यांची टिंगल केली याचंही वाटलं.

"बाई न्हाई, इहीनबाई," ते म्हणाले. "ती गेली. तिचं काम मला येत न्हाई. मला येतंय तेवढं केलं. पोरीला वाटू ने, का आई गेली अन् घराचं दार बी लागलं."

यशू रडायला लागली. सम्राट उगाच खिडकीबाहेर बघत राहिला. भिमाबाईंनी जमिनीवरून हात फिरवला, मधल्या उंचीवरून उतारापर्यंत, सावकाश.

"माझी बी आई न्हवती," त्या म्हणाल्या. "ह्या सम्राटच्या टायमाला. बाप हुता. मी पिशवी भरून बसले हुते, आज न्यायला येईल, उद्या येईल. त्यानं निरोप धाडला, घरात बाई न्हाई, तिकडंच उरका. चार पोरं झाली मला, यकदा बी माहेरी न्हाई गेले. बापानं माझ्यासाठी यक वीट हालवली न्हाई." त्यांनी जमिनीवरचा हात उचलला. "घर कसलं बघायचं हुतं? बाप काय करतो, ते बघायला आल्ते."

यशूनं पदरानं डोळे पुसले.

"यशू हितंच येईल," भिमाबाई म्हणाल्या. "अन् तिच्यासंगं मी येईन. सव्वा म्हैना."

"आई," सम्राट दचकून म्हणाला, "अन् आण्णांच्या भाकरी?" आण्णा म्हणजे त्याचे वडील.

"इवायास्नी येत्यात, तर त्यास्नी बी येत्याल. शिकंना का या वयात." मग दादांकडं वळून, "पर मी येकली न्हाई राहनार. लोक नावं ठिवत्याल. तुमच्या थोरल्या बहीन हायेत ना, त्यास्नी बोलवा. दोघी मिळून करू."

दादा खोकले. टोपी या हातातून त्या हातात गेली. शेवटी मीच बुधवारचा किस्सा सांगितला, पावलांसकट. भिमाबाई आमच्या घरात पहिल्यांदाच हसल्या.

"मंग आज चारच्या गाडीनं जा तुमी. सवता जा, पोराला धाडू नका. पाया पडा म्हनलं तर पडा."

"पडतो," दादा म्हणाले. इतक्या लवकर कबूल झालेले दादा मी आयुष्यात पाहिले नव्हते.

जेवणं झाली. आमटी प्रत्येकाच्या ताटात आपापल्या भिंतीच्या बाजूला साचली, सगळ्यांनी ती तिथूनच ओरपली. आता विहीण म्हणून आलेली बाई पदर सावरून ताठ बसते, चहा घेते आणि गाडीची वेळ विचारते. व्याह्याच्या घरी डोळ्याला डोळा लागू देणं तिला शोभत नाही. भिमाबाई हात धुऊन आल्या, बाजेपाशी उभ्या राहिल्या, विटांकडं आणि चपट्या दगडाकडं पाहिलं. "पाठ टेकते जरा," म्हणाल्या आणि आडव्या झाल्या. सरकल्या नाहीत. यशूनं अंगावर आत्याच्या गाठोड्यातलं एक दुपटं टाकलं, तोवर त्या घोरत होत्या.

आम्ही सगळे पाय न वाजवता बाहेर आलो. यशू ओट्यावर बोरं खात बसली. दादा दार ओढून घेऊन उंबऱ्याबाहेर मांडी घालून बसले, कुणी आत जाऊ नये अशा बेतानं.

रंगनाथमामांना घरात दम निघत नव्हता. ते लांबूनच ओरडत आले, "काय सहादू, पास झालास का नापास?"

दादांनी तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोल," ते म्हणाले. "आत माहेरवाशीन झोपलीया."

मामांनी ओट्यावरच्या यशूकडं पाहिलं, मग बंद दाराकडं पाहिलं, आणि पायातल्या वहाणा काढून दादांच्या शेजारी बसले.