उरलेला एक शब्द

त्या वर्षी मी देवीशी फार बोलत होते. सकाळी दिवा लावताना, पोळ्या लाटताना, शाळेच्या वाटेवर सायकल मारताना, सारखी माझी टकळी. हे दे, ते दे, एवढं तरी दे. ती काही उत्तर देत असेल यावरचा विश्वास मात्र पार उडालेला होता. लहानपणापासून तुळजापूरच्या आईला मी आईच म्हणत आले; पण आई ऐकत नाही असं एकदा मनाने घेतलं की आपणही तिचं ऐकणं सोडून देतो. मी शाळेत मास्तरीण आहे, बोलणं माझ्या अंगवळणी पडलेलं, ऐकणं नाही. पुढचं सगळं या एका खोडीमुळे घडलं, म्हणून ती आधीच कबूल करते.

हुसेनसागरच्या काठच्या आमच्या शहरात राज्याची वाटणी झाली तेव्हाची गोष्ट. आमचे हे सरकारी कचेरीत कारकून. त्या उन्हाळ्यात तिथे फायलींचे दोन गठ्ठे पडत होते, एक इकडचा आणि एक तिकडचा. माणसांच्याही याद्या होत होत्या, कोण राहणार, कोण जाणार. तीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेला मित्र पलीकडच्या यादीत गेला, त्याचं यांना फार लागलं होतं. पण बोलून दाखवण्याचा यांचा स्वभाव नव्हता. एका दुपारी गठ्ठ्याला सुतळी बांधता बांधता हे उजव्या अंगावर कोसळले. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही गेलेली होती. नवं राज्य झालं त्या दिवशी आमच्या अंबरपेठेत फटाक्यांचा कडकडाट होता, आणि मी खिडक्या लावून यांच्या कानांत कापूस घालत होते.

यांना बरं करायचंच असं मी ठरवलं. माझं माहेर नांदेडकडचं, शेतकऱ्याचं. आमच्याकडे बैल बसला तर त्याला उठवतात, रडत बसत नाहीत. नल्लकुंट्याच्या आमच्या मराठी शाळेत पोरं कमी होत चालली होती, त्यामुळे माझी शिकवण्याची सगळी हौस यांच्यावर उतरली. सकाळी तास, संध्याकाळी तास. हाताला टॉवेल बांधून ओढायचं, पायाला वाळूची पिशवी बांधून उचलायला लावायचं. शाळेतली एक जुनी पाटी घरी आणली आणि तिच्यावर अ आ इ गिरवून घेऊ लागले, डाव्या हाताने. ज्या माणसाचं अक्षर कचेरीत नमुना म्हणून दाखवत, त्याच्या हातात मी पाटी दिली आणि रेघ वाकडी आली की रागावले. शिवाय अंगारे, ताईत, कुणी सांगितलेलं तेल, मंगळवार, शुक्रवार. हे भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. पाहुणे आले तर डोळेही उघडत नसत.

तिसऱ्या महिन्यात एक दिवस ‘क’ गिरवताना त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, डावा पंजा उघडून माझ्यासमोर आडवा धरला आणि म्हणाले, “चालू.”

शब्द स्पष्ट होता. मी पाटी टाकून देवघरात धावले आणि आईपुढे साखर ठेवली. चालू ठेव म्हणतात, धीर सोडू नकोस म्हणतात, असं मी सगळ्यांना सांगितलं. कुकटपल्लीहून वन्सं आल्या, त्यांनाही समजावून सांगितलं. त्यानंतर यांना तेवढा एकच शब्द येत होता. टॉवेल ओढताना चालू, पाटी काढली की चालू, अंगारा लावला की चालू, आणि दर वेळी तो पंजा. मला तो आशीर्वादासारखा वाटे. मी दोनाचे तीन तास केले.

सातवा महिना लागला तरी बोट हललं नव्हतं. त्याच सुमारास दरवर्षीची सायकलफेरी आली, शहराला वळसा घालणारी, शंभर किलोमीटरची. सायकलचं वेड यांचं. चाळिशी उलटल्यावर मला यांनीच शिकवली, मैदानात मागून सीट धरून. त्या वर्षी आम्ही दोघांनी जायचं म्हणून फार आधी नावं देऊन ठेवली होती. दोन नंबरांची कापडं घरी आली तेव्हा मी ती देवीपुढे ठेवली आणि नवस बोलले: यांच्या वाटचे शंभर मी पुरे करीन, मध्ये कुठल्याही गाडीत बसणार नाही, मग तू यांना वाचा दे. आणि नाहीच दिलीस, तर तुझा माझा संबंध संपला. देवीला अशी धमकी देण्याइतकी मी हताश झाले होते. यांना विचारलं, “जाऊ ना हो मी?” त्यांनी पंजा धरला. “चालू,” म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आनंदाचं.

पहाटे हुसेनसागरच्या काठावरून निघालो तेव्हा हवा गार होती. अंगात दोन स्वेटर घातलेली माणसं हसत होती, फोटो काढत होती. मी छातीवर माझा नंबर लावला होता आणि पाठीवर यांचा. कुकटपल्लीपर्यंत बरं चाललं. जुन्या पाट्यांवरची राज्याची अक्षरं खोडून नवी लिहिली होती, ती वाचत गेले. पुढे उन्हं चढली, उड्डाणपुलांचे चढ सुरू झाले, तशी आमची टोळी पुढे निघून गेली आणि मी मागे पडले. पन्नासनंतर मांड्या भरून आल्या. साठनंतर मी किलोमीटर मोजणं सोडून एकेक पायडल मोजू लागले, आणि दर पायडलला यांचा तो शब्द म्हणू लागले. त्यात भक्ती नव्हती. नुसता हट्ट होता, आणि हट्टाच्या खाली भीती, की आपण थांबलो तर हे जातील. एका पुलावर मागून लॉरीचा भोंगा वाजला तेव्हा, येऊ दे, असं मनात येऊन गेलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

उप्पल ओलांडून रामंतापूरच्या बाजूला आले तेव्हा अठरा किलोमीटर उरले होते. रस्त्याकडेला कडुलिंबाखाली पोचम्मा देवीचं एक ठेंगणं देऊळ आहे, शेंदूर-हळदीने माखलेलं. त्याच्यासमोर माझी चेन निसटली. ती चढवताना बोट सोलवटलं. चढवून बसले तर पोटरीत असा गोळा आला की सायकलसकट आडवी झाले. उठले, पुन्हा बसले, पुन्हा पडले. तिसऱ्या वेळी कुणीतरी हँडल धरलं. देवळापुढे झाडत असलेली एक म्हातारी होती, काळी, किडकिडीत, कपाळभर कुंकू.

“चालु तल्ली,” ती म्हणाली. “इंक चालु.”

आता नीट ऐका. तल्ली म्हणजे माय, इंक म्हणजे आता, एवढं मला कळलं; चालु मात्र मी ऐकलं ते माझं मराठीच. ही बाईसुद्धा पुढे जा म्हणते, साक्षात आईच बोलली, असं वाटून मला भरून आलं. “हौ अम्मा, जातीच मैं,” म्हणून मी पुन्हा पायडलवर पाय ठेवला. पण ती हँडल सोडेना. बारीक हाताची ती बाई, पण पकड अशी की मला हलता येईना. मग तिने दुसरा हात माझ्या तोंडासमोर आणला, पंजा उघडून आडवा धरला, आणि पोरीला दटावतात तसं पुन्हा म्हणाली, “चालु.”

तोच पंजा. अगदी तसाच.

आणि मला एकदम यांच्या तेलुगू मित्राकडचं लग्न आठवलं. केळीच्या पानावर वाढपी भाताचा डोंगर रचतोय आणि हे पानावर पंजा आडवा धरून हसत म्हणताहेत, चालु, चालु. पुरे, पुरे. या शहरात पंचवीस वर्षं काढून हा शब्द मला ठाऊक नव्हता असं नाही. कुणाच्याही पंगतीत बसलं की तो कानावर पडतो. पण घरात हे माझ्याशी मराठीच बोलत, म्हणून घरातला तो शब्द मराठीच असणार असं मी धरून चालले. जन्मभर हे कचेरीत दिवसाचे आठ तास तेलुगूत जगले होते. डोक्यातलं सगळं पुसलं गेलं, आणि उरला तो तिकडचा एक शब्द. चार महिने हा माणूस मला पंजा आडवा धरून पुरे म्हणत होता, आणि मी दर वेळी आणखी वाढत होते.

मी तिथेच मातीत बसले आणि लहान पोरासारखी रडले. म्हातारीने तांब्या आणला, “नीळ्ळु तागु,” म्हणाली आणि पाणी पाजलं. मग पुन्हा झाडायला लागली.

फेरीच्या मागून हत्यारं घेऊन स्कूटरवर येणारे आमच्या गल्लीतले पंक्चरवाले सलीमभाई थोड्या वेळाने पोचले. मी त्यांना एवढंच विचारलं, “सलीमभाई, चालु मतलब?”

“बस, भाभी. काफी. इत्ता नै मालूम तुमकू? साब तो रोज बोलते थे मेरी दुकान पे, मैं प्याली में चाय डाला तो.” मग माझा चेहरा पाहून हळू आवाजात म्हणाले, “घर चलो भाभी. नक्को अब.”

मी त्यांच्या स्कूटरवर बसले. नवस मोडला. अठरा किलोमीटर तसेच राहिले ते राहिलेच. वाटेत देवीच्या कोपाची धास्ती वाटायला हवी होती, ती वाटली नाही. कितीतरी महिन्यांनी मी गप्प होते, आतूनसुद्धा.

घरी वन्सं यांच्या उशाशी बसल्या होत्या. मी तशीच, तेलकट हातांनी यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि विचारलं, “अहो, तुमचं ते चालू, तेलुगू आहे ना?”

यांनी भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. मग डोळे मिटले आणि मान हलवली, एकदाच, खाली. वन्सं पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “मला एकदा शंका आली होती वहिनी. पण तुमच्या तोंडाकडे बघून बोलवेना.” मी त्यांना काय दोष देणार? शिकवणाऱ्या बाईला चुकलीस म्हणून कोण सांगतं?

त्या संध्याकाळी मी पाटी धुऊन शाळेच्या पिशवीत टाकली. वाळूची पिशवी मोगऱ्याच्या कुंडीत रिकामी केली, ताईत सोडले. डॉक्टरांची औषधं तेवढी ठेवली. हे बरे झाले नाहीत. हे स्पष्ट लिहिते, कारण अशा अनुभवांच्या शेवटी लोक तेच शोधतात. त्यानंतर ते अडीच महिने होते. बोट हललं नाही, दुसरा शब्द आला नाही. पण भिंतीकडे तोंड करणं थांबलं. दुपारी शाळेतून आले की आम्ही गच्चीच्या दाराशी बसत असू, हे खुर्चीत आणि मी उंबऱ्यावर. त्यांचा तो मित्र पलीकडे जाण्याआधी भेटायला आला तेव्हा यांनी डोळे उघडे ठेवले आणि डाव्या हाताने त्याचा हात बराच वेळ धरून ठेवला.

शेवटच्या आठवड्यात गिळणं कमी झालं होतं. एका सकाळी मी चमच्याने चहा पाजत होते. चार-पाच चमचे झाल्यावर थांबले आणि त्यांच्या भाषेत विचारलं, “चालु?” हे हसले. आजारात पहिल्यांदाच, अर्ध्याच ओठांनी. मान नाही अशी हलवली आणि अजून एका चमच्यासाठी तोंड उघडलं. इतक्या महिन्यांत पुरे की आणखी हे मी त्यांना विचारलेलं ते पहिलंच होतं. तो एक चमचा मला मिळाला नसता तर मी आज कशाच्या बळावर उभी असते, मला माहीत नाही.

हे गेल्यावर महिन्याभराने मी त्या देवळात गेले, चोळीचा खण, नारळ, हळद-कुंकू घेऊन. विधवेने ओटी भरावी का, याचा घोळ घालत बसले नाही. म्हातारी तिथेच होती, झाडत होती. तिने मला मुळीच ओळखलं नाही. “एवरम्मा नुव्वु?” म्हणाली, कोण गं तू? रोज कितीजणी येऊन त्या झाडाखाली रडत असतील, तिने कोणाकोणाला लक्षात ठेवायचं? मी नारळ फोडला आणि तिच्या ओंजळीत खोबरं देऊ लागले. दोन तुकडे घेतले आणि तिने पंजा आडवा धरला. मी हात मागे घेतला, लगेच.

आता मी देवीपुढे फारसं बोलत नाही. दिवा लावते, हात जोडते आणि यांचा तो एक शब्द म्हणते. तो मराठीतला की तेलुगूतला हे मी ठरवत नाही. तिने ज्या भाषेत ऐकावा, त्या भाषेतला.