बदामची पंजी

रविवार, १४ फेब्रुवारी १९८८. दुपारी चार वाजता. स्थळ: सिल्वासा, देवरेंचा ओटा. हजर: देवरे, राखोलीच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यातले स्टोअरकीपर, त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, सरकारी शाळेतले परब मास्तर, आणि मी. गैरहजर: आमचे हे, कारण रविवारी दुपारी ते झोपतात. साहित्य: पत्त्यांचा एक कॅट, चिंचोक्यांचा डबा, पुठ्ठा गेलेलं एक इंग्रजी पुस्तक.

ही माझ्या त्या वर्षीच्या डायरीतली नोंद. प्रशासनाच्या कचेरीत मी आवक-जावक सांभाळत होते. कागद आला की त्याला आकडा द्यायचा, ही सवय माझ्याबरोबर घरीही आली होती. देवरेंशी माझं जमलं ते यामुळेच. बाजारात माझ्या हातातली भाजीची यादी पाहून त्यांनी विचारलं होतं, "ताई, आणलेल्या भाजीवर तुम्ही रेघ मारता की खूण करता?" मी म्हटलं, रेघ. "मी खूण करतो," ते म्हणाले. "रेघ मारली की खालचं वाचता येत नाही. पुढे काही वाद झाला तर?" अशा विषयावर इतक्या गंभीरपणे बोलणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता.

देवरे मूळचे शिरपूरकडचे. उंच, किंचित पोक काढून चालणारे, खिशात कायम दोन पेनं. त्यातलं एक लाल. कारखान्यात नवी यंत्रं बसवायला एक परदेशी माणूस आला होता. तो जाताना गेस्ट हाउसवर हे पुस्तक टाकून गेला. रद्दीत जाण्याआधी देवरेंनी ते उचललं. एकवीसच्या खेळाचं पुस्तक होतं ते. वाटणाऱ्याविरुद्ध खेळायचं, हातातल्या पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, एकवीसच्या पुढे गेली की फुटलात. देवरे मॅट्रिकपर्यंत शिकलेले. शब्दकोश शेजारी ठेवून रोज दीड पान, असं करत त्यांनी ते आठ महिन्यांत संपवलं. शेवटचं प्रकरण वाळवीने आधीच संपवलेलं होतं.

पुस्तकातल्या इंग्रजी शब्दांना त्यांनी आपले शब्द दिले: आणखी एक पान म्हणजे घे, पुरे म्हणजे बस, जोडीचे दोन डाव करायचे म्हणजे फोड, चिंचोके दुप्पट लावून एकच पान घ्यायचं म्हणजे दुप्पट. आपल्याकडे किती आणि वाटणाऱ्याचं उघडं पान कोणतं, यावरून काय करायचं याचा तक्ता त्यांनी चौकटीच्या कागदावर आखला आणि स्वयंपाकघरात कालनिर्णयाच्या जागी लावला. वहिनी म्हणायच्या, "मला चतुर्थी पाहायची असते, आणि तिथे लिहिलेलं असतं, अठ्ठीची जोडी कायम फोडा."

परब मास्तरांना तो तक्ता कधीच पटला नाही. ते मालवणकडचे, सावध. बेरीज सोळा झाली आणि समोर दश्शी असली तरी ते हात मागे घेऊन बसत.

"काय भो मास्तर, घ्या ना! तक्ता काय म्हणतो? सोळा आणि समोर दश्शी, तर घे."

"अहो, फुटेन मी."

"बसलात तरी हराल. मग घेऊन हरा. निदान बरोबर खेळून हरल्यासारखं होईल."

मास्तर घेत, फुटत, आणि चिंचोके पुढे सरकवत म्हणत, "तुमच्या पुस्तकाचा लेखक मला एकदा भेटायला हवा."

पण देवरेंचा खरा जीव जडला होता तो मोजण्यावर. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचं लहान पान दिसलं की मनात एक मिळवायचा. दश्शी, चित्राचं पान किंवा एक्का दिसला की एक वजा करायचा. सत्ती, अठ्ठी, नव्वी सोडून द्यायची. कॅटमध्ये लहान पानं वीस आणि मोठीही वीस, म्हणून बावन्न पानं संपली की आकडा शून्यावर यायलाच हवा. हे मोजायचं कशासाठी, तर मोठी पानं शिल्लक आहेत असं कळलं की जास्त लावायचं, असं पुस्तक सांगत होतं. देवरे मात्र पाच वर्षं प्रत्येक डावाला दोनच चिंचोके लावत राहिले. मी एकदा त्यांना याबद्दल विचारलं.

"ताई, जिंकायला कशाला मोजायचं? मी स्टोअरकीपर आहे. आत किती आलं, बाहेर किती गेलं, शेवटी जुळलं का. जुळलं की चहा गोड लागतो."

म्हणून आमच्याकडे कॅट शेवटच्या पानापर्यंत खेळला जाई. शेवटचं पान पालथं ठेवायचं आणि देवरे डोळे मिटून सांगायचे: लहान, मधलं की मोठं. त्यांच्या मनातला आकडा एक वजा असला तर पान लहान, एक जास्त असला तर मोठं, शून्य असला तर मधलं. मी ते उलटं करायची. पाच वर्षांत ते चुकलेले मला आठवत नाहीत, आणि डायरीतही तशी नोंद नाही. गुजरातेत दारूबंदी, म्हणून ओट्यासमोरून वापीकडच्या मोटारी दारूच्या बाटल्या घेऊन परत जात असत, आणि आमच्या ओट्यावर चिंचोक्यांवरून टाळ्या पडत असत.

वहिनी चहा आणताना म्हणायच्या, "बावन्न पानं ध्यानात राहतात, आणि कोथिंबीर आणायची राहत नाही!" आम्ही हसायचो. पुढेपुढे मी हसणं कमी केलं. १९९२ च्या पावसाळ्यात देवरे एकदा कोथिंबीर दोनदा घेऊन आले होते.

त्याच वर्षी दिवाळीनंतर ते माझ्या कचेरीत आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"ताई, गुरुवारी मी चुकीचा कॅन दिला. कॉस्टिक सोडा मागितला होता, मी ॲसिड काढून ठेवलं. पावतीवर सोडाच लिहिला. तो पोरगा नंदुरबारकडचा, त्याने झाकण उघडताना वास घेतला म्हणून वाचला. टाकीतल्या सोड्यात ते पडलं असतं तर त्याच्या तोंडावर उडालं असतं."

मी म्हटलं, एकदा होतं कुणाकडूनही.

"एकदा होतं का, ते मला माहीत नाही. हेच तर पाहायचं आहे." त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि परत ठेवलं. "रविवारी पानं तुम्ही वाटा. दर रविवारी. माझा आकडा चुकला तर तोंडावर सांगा आणि डायरीत लिहा. ज्या दिवशी चुकेन त्या दिवशी स्टोअरची चावी देऊन टाकतो."

"मीच का? मास्तर आहेत, वहिनी आहेत."

"मास्तर मन राखतात. ती रडते. तुमच्या यादीत खोटी नोंद मी कधी पाहिली नाही."

मी होकार दिला. सहा रविवार आकडा बरोबर आला. सहाही नोंदी माझ्या हातच्या आहेत: देवरे, शून्य, बरोबर.

सातवा रविवार जानेवारी १९९३ मधला. मी वाटत होते. दुसऱ्या डावात देवरेंच्या छक्कीवर पंजी आली. अकरा. माझं उघडं पान चौकी. "दुप्पट!" ते इतक्या जोरात म्हणाले की वहिनी आतून डोकावल्या. मी पान दिलं, राजा, म्हणजे दहा. एकवीस. मास्तरांनी कपाळाला हात लावला. देवरे त्या दिवशी खुशीत होते, पण मधेमधे थांबत होते. एकदा त्यांनी मला हात दाखवला, "एक मिनिट," आणि ओठ हलवत राहिले. मी थांबले.

शेवटचं पान पालथं पडलं. देवरेंनी डोळे मिटले.

"शून्य. शेवटचं पान मधलं. सत्ती, अठ्ठी नाहीतर नव्वी."

मी पान उलटलं. इस्पिकची राणी.

देवरे राणीकडे पाहत होते. हात मांडीवर, बोटं ताठ. चेहऱ्यावरचा रंग मी पाहता पाहता उतरला. मग मास्तर घाईने म्हणाले, "अहो, कॅटच अपुरा असेल. जुना झालाय. मोजा बघू, बाई."

मी पानं गोळा केली आणि मोजू लागले. मोजताना माझ्या डोक्यात हिशेब झाला, कारण तो खेळ मलाही येत होता: राणी धरून देवरेंचा आकडा शेवटी शून्याऐवजी एक वजा आलाय, कॅटमधलं एक लहान पान कमी असतं तर तोच आकडा बरोबर ठरला असता. हातात पहिलं लहान पान आलं ते मी डायरीच्या पुठ्ठ्याआड सरकवलं. डायरी मांडीवरच होती. बाकीची पानं मोजून मी म्हणाले, "एक्कावन्न."

मास्तरांनी रंग लावून पाहिले. "बदामची पंजी नाहीये! बघा, देवरे, तुम्ही बरोबरच होता."

"बदामची?" देवरे म्हणाले. माझ्याकडे त्यांनी जरा जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बरं झालं, कळलं. चहा टाका ना."

घरी जाऊन मी लिहिलं: देवरे, पानं ५१, बरोबर. मनाशी म्हटलं, या एका रविवारपुरतं. पुढच्या वेळी सांगू. त्यांच्या मुलीचं लग्न मे महिन्यात होतं, आणि मला तो चेहरा पुन्हा पाहायचा नव्हता. चुकीचा कॅन आणि नंदुरबारकडचा तो मुलगा मला त्या संध्याकाळी आठवलाच नाही, हे मी इथे लिहून ठेवते.

मंगळवारी देवरे कचेरीत आले. या वेळी बसले.

"चावी दिली, ताई. काल सकाळी."

"पण का? आकडा तर बरोबर..."

"छक्कीवर पंजी आली होती ना मला? दुप्पट केलं, राजा आला. ती पंजी बदामची होती. तुम्हीच वाटलेली." ते हळू बोलत होते, जसं मालाची नोंद वाचून दाखवावी तसं. "दुसऱ्या डावात जे पान माझ्या हातात होतं ते कॅटमध्ये नाही, असं कसं होईल? ते मोजताना गेलं. मोजत होता तुम्ही. म्हणजे कॅट पुरा होता आणि मी चुकलो होतो."

माझ्यापुढे टपालाचा गठ्ठा होता. मी त्यावरचा शिक्का उचलला आणि तो कुठे मारायचा ते मला कळेना.

"देवरे, माझी चूक झाली."

"झालीच. तुमचं ऐकून मी सोमवारी स्टोअर उघडलं असतं, तर?" एवढंच ते कडक बोलले. मग एकदम हसले. "पण पाहा, आकडा चुकलो, पान नाही विसरलो. थोडा माल शिल्लक आहे अजून. आणि ताई, लबाडी करायची तर डावात न आलेलं पान तरी निवडायचं! मास्तरांनीसुद्धा याहून बरं केलं असतं."

मी रडले. कचेरीत, टपालासमोर. ते पाणी आणायला उठले आणि खरंच पाणीच घेऊन आले.

वलसाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत छोटेछोटे झटके येऊन गेलेत, रक्तदाब जुना आहे. गोळ्या सुरू झाल्या. कारखान्याने मे महिन्यापर्यंत त्यांना गेटवर बसवलं, आत येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. लग्न ती नोकरी असतानाच पार पडलं. जून महिन्यात देवरे गावी गेले.

टेम्पो भरताना मी पंजी परत द्यायला गेले. डायरीतून काढून पुढे केली. त्यांनी घेतली नाही.

"तुमच्यापाशी राहू द्या. कॅट मी नेतोय. तुमच्या यादीत लिहा: पान शिरपूरला पोचवणे, स्वतः. पोस्टाने नाही. यादीत आलं म्हणजे तुम्ही याल. मग पुरी बावन्न घेऊन बसू. मी चुकलो तर सांगा."

"सांगेन," मी म्हणाले.

त्या दिवशी लिहिलं. पुढे दर जानेवारीला नव्या डायरीत उतरवत राहिले. आधी बदल्यांचं काम होतं, मग सासूबाईंचं आजारपण, मग मुलाची दहावी. कारणं सगळी खरी होती आणि सगळ्यांना तारखा आहेत. वहिनींची पत्रं येत. १९९६ च्या पत्रात होतं की यांना आता माणसांची नावं सापडत नाहीत, पण पत्ते हातात दिले की लहान एकीकडे आणि मोठे एकीकडे करतात, न चुकता. शेवटी म्हणतात, एक कमी आहे, ताईंकडे आहे. दुसऱ्या वर्षी श्रावणात वहिनींचं कार्ड आलं, देवरे गेल्याचं, एका कोपऱ्याला काळं लावलेलं. मी ते कार्ड आवक रजिस्टरात नोंदवायला निघाले होते. मग लक्षात आलं की ते घरचं आहे.

परब मास्तर भेटले की अजून म्हणतात, सोळावर घ्यायला नको. मी त्यांना तक्ता ऐकवते. मला तो पाठ आहे.

वहिनींनी कळवलंय की कॅट तसाच ठेवला आहे, कपाटात, रबर लावून. मुलगी म्हणते, टाकून देऊ, अपुरा आहे. मी टाकू देत नाही, असं त्यांनी लिहिलंय. या वर्षीच्या डायरीत पहिल्याच पानावर, गॅस आणि विम्याच्या वर, ओळ आहे: पंजी, शिरपूर, स्वतः. बाकीच्या दोन्ही ओळींपुढे खूण झाली आहे. रेघ मारणं मी बंद केलंय, आता खूणच करते. या ओळीपुढे अजून खूण नाही.