कोवळा चिरा

नातवाने मोटरसायकल उचलायला लोखंडी स्टँड आणलाय. चेन धुतलेल्या रॉकेलचा वास आला आणि मला आमची जुनी पडवी दिसली.

माझं नुकतंच लग्न झालेलं. आमच्या यांनी मुंबईहून मोटरसायकल आणली, मांडवी बंदरात बोटीतून उतरवली. मागचं चाक उचलून ठेवायला लाकडी घोडी करून घ्या म्हटलं, तर यांनी खाणीतून नुकतेच काढलेले जांभ्या दगडाचे चिरे रचले.

"अहो, ऊन खाल्लं नाही त्यांनी अजून, कोवळे आहेत."

"दगड म्हणजे दगड!" म्हणत हे गाडीखाली आडवे झाले.

माझा जीव थाऱ्यावर राहीना. चूलही पेटली नव्हती, तरी चहा झाला म्हणून हाक मारली. हे कुरकुरत आत आले आणि मागे चिरा फुटून गाडी धाडकन कोसळली.

पुढे जन्मभर माझ्या हाकेला यांनी 'थांब' म्हटलं नाही.

नातू मात्र आत्ता गाडीखालून सांगतोय, "थांब गं आजी, लोखंडी आहे तो!"

मी चहाचा कप घेऊन इथेच उभी आहे.